फोटो छापण्याआधी: स्क्रीन आणि कागदाचे रंग जुळवायची तयारी

‘प्रिंट काळपट आली’ ही या कामातली नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा त्यात प्रिंटरचा काहीच दोष नसतो. मॉनिटरचा ब्राइटनेस इतका वाढवलेला असतो की फोटो उजळ दिसतो म्हणून आपण तो एडिट करताना गडद करत जातो. म्हणून तयारी मॉनिटरपासून सुरू करायची आणि तो नीट लागेपर्यंत प्रिंटरच्या सेटिंगला हातही लावायचा नाही.

मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवा, म्हणजे त्याचा उजेड स्थिरावतो. मेन्यूत ‘व्हिविड’ किंवा ‘गेम’ असा मोड असेल तर तो काढून स्टँडर्ड किंवा कस्टम लावा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, खोलीतल्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस आपोआप बदलणारी सोय बंद करा आणि स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोडही बंद करा. हा शेवटचा हमखास राहून जातो, कारण तो संध्याकाळी आपला आपण चालू होतो. स्क्रीनवर थेट ऊन पडू देऊ नका, वॉलपेपर साधा राखाडी ठेवा. चकचकीत स्क्रीन असेल तर अंगातला भडक शर्टही तिच्यात उमटतो. हसू येईल, पण करडा शर्ट घालून बसणारे लोक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे मॉनिटरचे रंग आणि उजेड मोजून ठरावीक मापावर आणणं. डोळ्यांच्या भरवशावर हे करू नका. डोळे कुठल्याही रंगछटेला काही मिनिटांत सरावतात आणि निळसर स्क्रीनही पांढरी वाटू लागते. स्क्रीनवर टेकवून रंग मोजायचा कलरीमीटर विकत किंवा उसना मिळवा. व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतात ते) २.२ आणि ब्राइटनेस चौरस मीटरला ८० ते १२० कॅन्डेला या दरम्यान ठेवा. नव्या मॉनिटरचा मूळ ब्राइटनेस सहसा याच्या बराच वर असतो, त्यामुळे सुरुवातीला स्क्रीन मंद वाटेल. वाटू द्या. मोजणी झाली की सॉफ्टवेअर त्या मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार करून सिस्टिमला लावतं.

फाइल उघडताना तिला प्रोफाइल जोडलेलं आहे ना, ते बघून घ्या. फोटोत कोणते रंग मावतात ते या प्रोफाइलवरून ठरतं. नेहमीचं एसआरजीबी चालतं. अ‍ॅडोबी आरजीबीत हिरव्या आणि निळ्या-हिरव्या छटा जास्त मावतात, पण तुमचा मॉनिटर त्या दाखवूच शकत नसेल तर न दिसणाऱ्या रंगांवर काम केल्यासारखं होतं.

प्रिंटरच्या बाजूला खरा खेळ कागदाचा आहे. प्रोफाइल नुसत्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या जोडणीचं असतं. कागद बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या लोकप्रिय प्रिंटरांसाठी अशी प्रोफाइलं मोफत देतात. सोबत कोणता मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) निवडायचा तेही लिहिलेलं असतं, आणि ते पाळाच, कारण कागदावर किती शाई सोडायची हे त्यावरून ठरतं. शाई दुसऱ्या कंपनीची भरली असेल तर ते तयार प्रोफाइल निरुपयोगी समजा. छापण्याआधी नोझल चेक करा, म्हणजे शाईची छिद्रं तुंबलेली नाहीत ना ते दाखवणारं पान छापा. एका रंगाची बारीक रेघ तुटलेली असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया.

यानंतरची चूक सगळ्यांत जास्त होते. रंग सांभाळायचं काम एकाकडेच द्या. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटर प्रोफाइल निवडलं असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं (छपाईच्या सेटिंगमधलं) कलर मॅनेजमेंट बंद करा. दोन्ही चालू राहिलं की दुरुस्ती दोनदा होते आणि प्रिंट बहुधा लालसर-जांभळट येते.

मग सॉफ्ट प्रूफ. कागदावर फोटो कसा उतरेल याचा अंदाज स्क्रीनवरच येतो. कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे हे ठरवणारा रेंडरिंग इंटेंट रिलेटिव्ह कलरिमेट्रिक ठेवा, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय). भडक रंग फार असतील तर पर्सेप्च्युअलही लावून बघा. कागदाचा पांढरा रंग दाखवणारा पर्याय चालू केला की फोटो एकदम फिका पडतो. तो चालू करताना क्षणभर दुसरीकडे पाहावं, नाहीतर आधीची झगमग डोळ्यांसमोर राहते. स्क्रीन स्वतः उजळते आणि कागद पडलेला प्रकाश परत फेकतो, त्यामुळे झगझगीत निळा किंवा हिरवा तंतोतंत उतरणार नाही. मॅट कागदावर काळाही चकचकीत कागदाइतका गडद येत नाही. हे आधीच मान्य केलं तर पुष्कळ शाई वाचते.

पूर्ण आकारात छापण्याआधी एक छोटी चाचणी प्रिंट काढा. तिच्यात माणसाची त्वचा, राखाडी पट्ट्या आणि गडद सावल्या असू द्या. शाई वाळताना रंग थोडे बदलतात, म्हणून काही तास थांबा. एक रात्र गेली तर उत्तम. प्रिंट ५००० केल्विनच्या आसपासच्या, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० हून जास्त असलेल्या दिव्याखाली बघा. साध्या दिव्याखाली तोच राखाडी हिरवट किंवा गुलाबी दिसू शकतो. कोरा कागद त्याच उजेडात स्क्रीनवरच्या पांढऱ्याशेजारी धरा. स्क्रीन फारच उजळ वाटली तर मॉनिटरचा ब्राइटनेस थोडा खाली आणून पुन्हा कॅलिब्रेट करा. मॉनिटर जुना होईल तसे त्याचे रंग सरकत जातात, म्हणून महिन्यातून एकदा मोजणी करा, आणि कागद किंवा शाई बदलली तर प्रोफाइलही बदला.