जुन्या नोकियातली काळी-पांढरी चित्रं ई-रीडरवर

बेळगाव-खानापूर-निपाणीकडे अनेक घरांत जुन्या मोबाईलचा बॅकअप पडून आहे. त्यात गणपती, शिवजयंती, दसऱ्याच्या शुभेच्छांची बारीक काळी-पांढरी चित्रं असतात. फाइलचं एक्स्टेन्शन डब्ल्यूबीएमपी. नवा फोन ती उघडेलच असं नाही, ई-रीडर तर नाहीच.

१. एक्सएनव्ह्यू हा मोफत प्रोग्रॅम घ्या. बॅच कन्व्हर्टमध्ये (एकदम अनेक फाइली बदलायची सोय) सगळ्या फाइली टाका, आउटपुट पीएनजी ठेवा. जेपीजी मुळीच नको, गणपतीच्या सोंडेभोवती करडे डाग उमटतात.

२. तिथेच आकार वाढवा, पण पूर्ण पटीतच, आणि रिसाइझची पद्धत 'निअरेस्ट नेबर' (प्रत्येक ठिपका जसाच्या तसा मोठा करणारी) निवडा. नोकियाचा पिक्चर मेसेज, म्हणजे एसएमएसने यायचं ते चित्र, ७२ × २८ ठिपक्यांचा असतो. ८ पट केला की ५७६ × २२४ होतो आणि ६०० ठिपके रुंदीच्या जुन्या ई-रीडरवरही नीट मावतो. साडेसात पट केलात तर कडा वेड्यावाकड्या दिसतात. चित्र उलटं, म्हणजे काळ्याचं पांढरं दिसलं, तर निगेटिव्ह करा.

३. नावं ००१, ००२ अशी द्या, नाहीतर १ नंतर थेट १० येतं.

४. सगळ्यांची झिप करून एक्स्टेन्शन सीबीझेड (कॉमिकच्या फाइलचं) करा. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये घालून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) बनवा. कॉमिक इनपुटमध्ये प्रोसेसिंग बंद करायच्या चौकटीवर टिक हवीच, नाहीतर कॅलिबर चित्रांवर स्वतःचे बदल करतं. किंडलला केबलने घालायचं असेल तर ईपबऐवजी किंडलचा स्वतःचा फॉरमॅट एझेडडब्ल्यू३ निवडा.

मूळ डब्ल्यूबीएमपी फाइली मात्र पुसू नका. पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवा. इतक्या लहान असतात की जागेचा प्रश्नच येत नाही.