रानटर्कीची वसंतातली शिकार: या चुका टाळा

न्यूयॉर्क राज्यात रानटर्कीचा वसंत हंगाम १ ते ३१ मे असतो. रोज सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी बारापर्यंतच शिकार करता येते. नवखे शिकारी १ मेची रजा टाकतात आणि आखणी तिथेच थांबवतात. पण या शिकारीत मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावतात, आणि तो कधी येणार, हे माद्यांची वीण कुठवर आली आहे त्यावर ठरतं.

दिवस मोठा होऊ लागला की वीण सुरू होते. थंडी-पावसाने नरांचं ओरडणं दोन दिवस थंडावतं, पण वेळापत्रक फारसं सरकत नाही. मादी जवळजवळ रोज एक याप्रमाणे १०-१२ अंडी घालते, मग साधारण २८ दिवस उबवते. अंडी घालण्याच्या काळात पहाटे नराभोवती माद्या असतात. तो झाडावरून जोरात साद देतो आणि खाली उतरताच गप्प होतो. इथे बहुतेकजण सात-आठ वाजताच घरी परततात, आणि ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. उन्हं वर आली की माद्या घरट्याकडे जातात. एकटा पडलेला नर नऊनंतर तुमच्या हाकेला येऊ शकतो, म्हणून बारापर्यंत बसा. बहुतेक माद्या उबवायला बसल्या की नर पुन्हा जोरात बोलू लागतात. एकच रजा मिळणार असेल, तर ती या दिवसांसाठी राखा.

हंगामाआधी जंगलात कॉल (मादीचा आवाज काढणारं साधन) वाजवून पाहू नका, नर सावध होतात. संध्याकाळी दुरून ऐकून रातथारा, म्हणजे पक्षी रात्री बसतात ते झाड, हेरा आणि पहाटे अंधारात तिथून १००-१५० यार्डांवर बसा. याहून जवळ गेलात तर पक्षी बिथरून उलट दिशेला उतरतो. त्याने एकदा उत्तर दिलं की बॉक्स कॉल (लाकडी पेटीचा कॉल) खाली ठेवा. सतत साद घातली तर तो जागेवरच पिसारा फुलवून मादीची वाट पाहतो, कारण निसर्गात मादीच नराकडे जाते.

नेम चुकण्याचं कारण बहुधा चोक असतो, म्हणजे छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारं नळीच्या टोकाचं अरुंद तोंड. १२ बोअरची छर्ऱ्यांची बंदूक, ३ इंची काडतूस, ५ नंबरचे छर्रे: ४० यार्डांवर कागदावर झाडून बघा. १० इंची वर्तुळात शंभरेक छर्रे हवेत. तितके नसतील तर पल्ला कमी करा. मग २० यार्डांवरही झाडा. टर्कीचा चोक तिथे छर्रे मुठीएवढ्या जागेत नेतो, आणि मान जरा हलली तरी सगळे बाजूने जातात. नेम मानेच्या बुडाशी, जिथे पिसं संपून लाल कातडी सुरू होते तिथे धरा. फुललेल्या पिसाऱ्यावर झाडू नका. आधी मान ताठ होऊ द्या.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या अमेरिकी व्हिसावर असलेल्यांनी शिकारीचा वैध परवाना मिळेपर्यंत बंदूक बाळगू नये, संघीय कायदा तसं सांगतो. परवान्याआधी शिकारी-प्रशिक्षणही करावं लागतं.

कपड्यांत लाल, पांढरा, निळा रंग नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच आहेत. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ टेकून बसा. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला. आणि मारलेला पक्षी उघडा खांद्यावर टाकून चालू नका, नारिंगी कापडात गुंडाळून न्या.