पिकअपमधले मॉड्यूल एकमेकांशी बोलत नाहीत? नवीन मॉड्यूल मागवण्याआधी या चुका टाळा

गाडी चालता चालता एकदम मीटर कन्सोल मरतं, स्पीडचा काटा शून्यावर येतो, एबीएस, ट्रॅक्शन, एअरबॅग सगळे दिवे एकाच वेळी पेटतात, गिअर एकाच ठिकाणी अडकतो, आणि पाच-दहा सेकंदात सगळं परत ठीक, जणू काही झालंच नाही. स्कॅनर लावला की 'यू' ने सुरू होणारे सात-आठ कोड. नवीन पिकअपवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी गाडी कधी ना कधी येतेच आणि बहुतेक वेळा ती आधी दोन ठिकाणी जाऊन, एखादा महागडा मॉड्यूल (म्हणजे इंजिन, ब्रेक, गिअर वगैरे सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) बदलून मगच येते.

माझ्याकडे आलेली अशीच एक पिकअप सांगतो. एबीएसचा मॉड्यूल नवा टाकलेला, प्रोग्रॅमिंग केलेलं, तरी आठवड्यातून दोनदा हाच प्रकार. मीसुद्धा पहिले दोन दिवस चुकीच्याच जागी शोधत बसलो. शेवटी फॉल्ट कुठे सापडला ते पुढे येईलच, पण त्या दोन दिवसात मी ज्या चुका केल्या आणि नंतर इतरांना करताना बघितल्या त्याच इथे लिहितोय.

आधी थोडक्यात यंत्रणा, कारण हे डोक्यात नसेल तर मल्टिमीटरवरचे आकडे काहीच सांगणार नाहीत. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेली कॅन नावाची पद्धत आज जवळपास सगळ्या गाड्यांत आहे. दोन वायरी एकमेकींभोवती पीळ दिलेल्या, एक कॅन हाय, एक कॅन लो, आणि सगळे मॉड्यूल याच जोडीवर बोलतात. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही वायरींवर साधारण २.५ व्होल्ट. कोणी बोललं की हाय ३.५ कडे चढते, लो १.५ कडे उतरते, आणि ऐकणारा मॉड्यूल दोघींमधला फरक वाचतो. इंजिन-ब्रेकच्या लाईनवर वेग बहुतेक ५०० केबीपीएस (सेकंदाला पाच लाख बिट), म्हणजे एक बिट फक्त २ मायक्रोसेकंदाचा. लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. एवढं पुरे.

कोडमध्ये ज्याचं नाव, तोच खराब असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. यू०१२१ चा अर्थ 'एबीएस मॉड्यूल खराब' असा नाहीच. अर्थ असा की ज्याने हा कोड नोंदवला त्याला एबीएसचा आवाज ऐकू आला नाही. यू०१०० इंजिनच्या मॉड्यूलबद्दल, यू०१०१ गिअरबॉक्सच्या, यू०१४० बॉडी कंट्रोलच्या, पण सगळ्यांचं म्हणणं एकच, 'तो दिसत नाही'. आता माणूस दिसत नाही याची कारणं किती असू शकतात, तो आजारी असेल, त्याच्या घराची लाईट गेली असेल, रस्ता तुटला असेल किंवा बघणाऱ्याच्याच डोळ्यात काहीतरी गेलं असेल.

म्हणून पहिला प्रश्न, तक्रार कोण करतंय? सगळ्या मॉड्यूलचे कोड काढा आणि कागदावर लिहा, कोणी कोणाचं नाव घेतलंय. इंजिन, गिअरबॉक्स, मीटर कन्सोल सगळे एकट्या एबीएसचंच नाव घेत असतील तर एबीएसकडे जा, म्हणजे त्याचा सप्लाय, त्याचा अर्थ (बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी), मुख्य लाईनपासून त्याच्याकडे जाणारी वायरींची फांदी, आणि हे सगळं झाल्यावर मग तो स्वतः. पण एकटं मीटर कन्सोलच पाच जणांची नावं घेत असेल आणि बाकीचे आपापसात नीट बोलत असतील तर गडबड कन्सोलच्या बाजूला आहे. आणि सगळेच सगळ्यांची नावं घेत असतील तर मुख्य लाईन, बॅटरी किंवा एखादा मॉड्यूल जो अख्खी लाईन दाबून बसलाय, म्हणजे दुसऱ्या कोणाला बोलूच देत नाही. हा कागद बनवायला वीस मिनिटं लागतात आणि तोच निम्मं काम करतो.

यातलीच दुसरी चूक म्हणजे गाडी आली की आधी कोड पुसून टाकणं. 'बघू परत येतात का' म्हणून पुसतात. अरे पण कोणता कोड आत्ताचा, कोणता जुना, कितव्या किलोमीटरला, किती व्होल्टेजला नोंदला गेला ही माहिती काही मॉड्यूल कोडबरोबर साठवून ठेवतात, ती गेली की गेली. आधी सगळं सेव्ह करा, फोटो काढा, मग पुसा.

बॅटरीकडे न बघता कामाला लागणं

सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर पुढे काहीच करू नका, आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलचं बघा. व्होल्टेज खाली गेलं की मॉड्यूल एकेक करून रिसेट होतात, जो आधी उठतो तो झोपलेल्याचं नाव लिहून ठेवतो, आणि तुमच्या हातात डझनभर यू कोड येतात ज्यातला एकही खरा नसतो. कोड फक्त सेल्फ मारतानाच येत असतील तर शंका नव्वद टक्के इथेच ठेवायची, हा माझा अंदाज आहे पण बऱ्याच गाड्यांवर खरा ठरलाय.

६० ओहम चुकीच्या पद्धतीने मोजणं, आणि मग त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं

स्कॅनरच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ नंबर कॅन हाय, १४ नंबर कॅन लो. दोघींमध्ये मोजलं की ६० ओहमच्या आसपास यायला पाहिजे कारण १२० चे दोन रेझिस्टर समांतर. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात, ४० आलं तर कोणीतरी जास्तीचा रेझिस्टर असलेला मॉड्यूल जोडलाय. हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती बॅटरी चालू ठेवून मोजण्यात, कारण मॉड्यूल जागे असताना लाईनवर व्होल्टेज असतं आणि ओहम मीटर काहीही दाखवतो, कधी ४७, कधी मायनस. बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा, मग मोजा.

आणि बरोबर ६० आलं तरी लाईन चांगली आहे असं ठरत नाही! एखादी वायर बॉडीला चिकटली असेल तरी दोघींमधले ओहम ६० च येऊ शकतात, म्हणून प्रत्येक वायर वेगळी वेगळी अर्थशी आणि बॅटरी प्लसशीही तपासायची. मधल्या एखाद्या फांदीची वायर तुटलेली असेल तरी ६०. अधूनमधून येणारा फॉल्ट असेल तर उभ्या गाडीत नेहमीच ६०. माझ्या त्या पिकअपवर मी ६० बघून लाईनला क्लीन चिट दिली होती आणि तिथेच दोन दिवस गेले.

अजून एक, हल्लीच्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे मॉड्यूल असतो, वेगवेगळ्या लाईनींमध्ये निरोप पोचवणारा. तुम्ही सॉकेटवर जे मोजता ते बऱ्याचदा फक्त सॉकेट ते गेटवे एवढ्याच तुकड्याचं असतं, पलीकडच्या चार-पाच लाईन तुम्हाला दिसतच नाहीत. काही गाड्यांत दुसरी लाईन वेगळ्या पिनांवर असते, उदाहरणार्थ फोर्डच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ३ आणि ११ वर मध्यम वेगाची लाईन मिळते. त्यामुळे वायरिंग डायग्राम समोर नसेल तर मोजण्यात अर्थ नाही, खरंच नाही. फेऱ्या मारून थकाल फक्त.

इग्निशन चालू करून साध्या मीटरवर हाय २.६-२.७ आणि लो २.३-२.४ च्या आसपास दिसली, दोघींची बेरीज ५ च्या जवळ आली तर लाईन निदान जिवंत आहे. पण मीटर सरासरी दाखवतो, २ मायक्रोसेकंदाचा बिट त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर दोन्ही वायरी एकदम बघा, एक वर जाते तेव्हा दुसरी बरोबर तेवढीच खाली, आरशातल्यासारखं. एकीची उंची कमी दिसली किंवा कोपरे गोल झालेले दिसले की समजा काहीतरी आहे.

बीप वाजला म्हणजे वायर चांगली

मीटरचा कंटिन्युइटीचा (वायर अखंड आहे का ते सांगणारा) बीप एका तारेवर पण वाजतो. वीस तारांच्या वायरमधल्या एकोणीस तुटल्या तरी वाजणार. मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थ हा लोड देऊनच तपासायचा. इग्निशन चालू, लाईट-ब्लोअर चालू, आणि मॉड्यूलच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. ०.१ च्या वर गेलं की त्या अर्थचा बोल्ट उघडून बघा. सप्लायची वायर तपासायची असेल तर कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून तिथे हेडलाईटचा बल्ब लावून बघा, ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, नीट पेटला तर वायर खरी. फ्यूज किती अँपिअरचा आहे ते आधी बघा मात्र, आणि हा प्रकार कॅनच्या वायरींवर किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर चुकूनही करू नका. त्या पिवळ्या कपलरवर ओहम मीटरसुद्धा नाही.

पिकअपमध्ये अर्थचं महत्त्व जास्त का, तर केबिन वेगळी, मागचा हौदा वेगळा, दोन्ही चेसिसवर रबर किंवा बोल्टवर बसवलेले. त्यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्या चिखल-पाण्यात उघड्या असतात, पट्टी वरून चांगली दिसते आणि बोल्टखाली हिरवं चढलेलं असतं.

रिकामी, उभी, कोरडी गाडी तपासणं

आता त्या पिकअपकडे येतो. मालकाला मी दोन दिवसांनी विचारलं (पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं) की हे नेमकं कधी होतं, तर म्हणाला, 'माल भरलेला असतो तेव्हाच, आणि खराब रस्त्यावर.' झालं. हौद्यात वजन भरलं, गाडीखाली झोपलो, मुलाला हौद्यात उड्या मारायला लावल्या आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) बघत बसलो. चेसिसच्या डाव्या अंगाने मागे ट्रेलरच्या मॉड्यूलकडे जाणारा हार्नेस एका ब्रॅकेटच्या कडेवर घासत होता, क्लिप तुटलेली. रिकाम्या गाडीत हार्नेस आणि ब्रॅकेटमध्ये बोटभर अंतर, वजनाने मागची बाजू बसली की हार्नेस ताणून बरोबर कडेवर. कॅन हायचं इन्सुलेशन कापलं गेलेलं आणि तांबं चमकत होतं.

वायर क्षणभरच टेकत होती, मग पाच-दहा सेकंद सगळं बंद का पडायचं? तर कॅनमध्ये प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजतो. पाठवताना चूक झाली की मोजणी ८ ने वाढते, २५५ च्या वर गेली की मॉड्यूल स्वतःहून गप्प बसतो. म्हणजे लागोपाठ ३२ चुका, आणि या वेगाला त्या काही मिलिसेकंदात होतात. मग त्याचं सॉफ्टवेअर त्याला परत उभं करेपर्यंत तो लाईनवर नसतो आणि बाकीचे त्याच्या नावाने कोड लिहितात. एबीएसचा मॉड्यूल यात पहिल्यापासून निर्दोष होता.

पिकअपची चेसिस वजनाने आणि खड्ड्यात पिळते, केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, म्हणून हार्नेस जिथे जिथे एका भागातून दुसऱ्या भागात जातो तिथे आधी बघा. केबिन आणि हौद्याच्या मधली जागा, दाराच्या बिजागरीजवळचा रबर, कॅमेरा असेल तर मागचा फाळका, सीटखालचा कपलर, इंजिनवरून उंदरांनी कुरतडलेली बाजू. आणि मागचं ट्रेलर सॉकेट, त्यात पाणी जातं आणि वायरीच्या आतून पुढे चढतं. ब्लाइंड स्पॉटचे रडार काही पिकअपमध्ये टेललाईटच्या आत असतात, तिथे पाणी गेलं तर तो एकटा रडार अख्खी लाईन दाबून ठेवू शकतो. पावसानंतरच फॉल्ट येतो असं मालक म्हणाला तर मी आता आधी टेललाईट काढतो.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंबद्दल न विचारणं

रिमोट स्टार्ट, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम, वरचा लाईट बार, स्कॅनरच्या सॉकेटमध्ये कायम लावून ठेवलेला डोंगल. यातलं जे जे नंतर लावलंय ते आधी पूर्ण काढा, फक्त स्विच बंद करून चालत नाही. ट्रॅकर लावताना कॅनच्या वायरीवर चिमटा मारून जोडलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय.

लाईन दबलेली असेल तर एकेक कपलर काढत व्होल्टेज बघायचं, ज्याचा कपलर काढल्यावर लाईन उठते तो मॉड्यूल किंवा त्याची फांदी. पण डायग्राम बघून, कारण काही गाड्यांत लाईन मॉड्यूलच्या आतूनच पुढे जाते, तो काढला की पुढचे सगळे तुटतात, आणि टोकाचा मॉड्यूल काढला तर त्याच्यातला रेझिस्टरही जातो. दोन्हीत नवीनच कोड तयार होतात आणि माणूस भरकटतो.

वायरीला सुई टोचून मोजू नका, त्या भोकातून पाणी शिरून काही महिन्यांनी तीच वायर आतून सडते. कपलरच्या मागच्या बाजूने पातळ पिन सरकवून मोजा. पुढून जाड प्रोब घुसवलात तर पिन पसरते आणि तुम्हीच नवीन फॉल्ट बनवता.

आणि खिडकी, वायपर, आरसा अशा लहान गोष्टी बंद असतील तर ती बहुधा लिन लाईन असते, एकच वायर, १२ व्होल्टची, वेग जास्तीत जास्त २० केबीपीएस. तिथे ६० ओहम शोधत बसू नका.

जोडताना पीळ उलगडून ठेवणं

दुरुस्ती करताना दोन्ही वायरींचे जोड एकाच ठिकाणी आणायचे नाहीत, थोडे मागेपुढे. चांगला क्रिंप किंवा सोल्डर, वर गोंदवाली हीट श्रिंक, आणि पीळ परत होता तसा, उघडा भाग पाच सेंटीमीटरच्या आत ठेवा. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड चेसिसखाली एक पावसाळा टिकत नाही. त्या पिकअपला जोड झाल्यावर मी नवीन क्लिप लावली, ब्रॅकेटच्या कडेला रबर चढवला, सगळे कोड पुसले, हौद्यात परत तेवढंच वजन भरलं आणि त्याच खराब रस्त्यावर तासभर फिरवून आणून परत पूर्ण स्कॅन केला, एकही कोड नाही. मग रात्रभर गाडी लॉक करून ठेवली आणि सकाळी बॅटरीतून जाणारा करंट मोजला, ५० मिलिअँपिअरच्या खाली, म्हणजे सगळे मॉड्यूल नीट झोपले होते. तेव्हा चावी दिली.