ब्रिटनमधल्या गावाचं जुनं पोस्टकार्ड किती जुनं?

चित्र नंतर पाहा. आधी कार्ड उलटं करा. मागची बाजू मधोमध रेघेनं दुभागलेली असेल, तर ते 1902 किंवा नंतरचं. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. मग तिकीट. देशांतर्गत कार्डाला जून 1918 पर्यंत अर्धा पेनी पुरे, नंतर एक पेनी झाला. तिकिटावर राजा पाचवा जॉर्ज असेल तर कार्ड 1911 च्या आधी टाकलेलं नाही.

मात्र शिक्क्यावरची तारीख टपालाची, फोटोची नव्हे. फ्रान्सिस फ्रिथच्या कंपनीसारखे प्रकाशक जुन्या निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं कार्डं छापत राहिले. त्यामुळे शेवटी चित्रातच शोधावं लागतं. चर्चवर वेळ घालवू नका, ते शतकानुशतकं तसंच दिसतं. मोटारीला नंबरप्लेट दिसली तर फोटो बहुधा 1904 नंतरचा. चौकात पहिल्या महायुद्धाचं स्मारक असेल तर त्या युद्धानंतरचा. सगळ्यात कामाची दुकानांची पाटी. भिंगातून नाव वाचा आणि लेस्टर विद्यापीठानं ऑनलाइन ठेवलेल्या जुन्या व्यापारी डिरेक्टरींमध्ये (दुकानदारांच्या नावा-पत्त्यांच्या याद्यांमध्ये) शोधा. रस्ता ओळखायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे जुने नकाशे फुकट पाहता येतात, इंग्लंडचेसुद्धा.

तिथलं कुणी वयस्कर ओळखीचं असेल, तर ‘हे कुठलं गाव?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘या दुकानात काय मिळायचं?’ असं विचारा, आठवणी भराभर निघतात. त्या लगेच वेगळ्या कागदावर उतरवा. कार्डावर शाईचं पेन नको.