वाँग कार-वायचा हॅपी टुगेदर हा पिक्चर बघायचाय? मग असा बघा

सगळ्यात आधी, मोबाईलवर बघू नका, आणि जेवता जेवता तर नकोच. लाईट बंद करा, फक्त ९६ मिनिटांचा पिक्चर आहे, एका बैठकीत संपवा.

स्टोरी शोधत बसू नका कारण ती एवढीशीच आहे, हाँगकाँगचे दोन पुरुष, लाय आणि पो-विंग, एकमेकांच्या प्रेमात, इग्वासूचा धबधबा बघायला अर्जेंटिनात जातात, रस्ता चुकतात, भांडतात, वेगळे होतात आणि परतीला पैसे नाहीत म्हणून लाय ब्युनॉस आयर्समध्ये टँगो बारच्या दारात उभा राहायची नोकरी धरतो. पो-विंग परत येतो नि म्हणतो, चल पहिल्यापासून सुरू करू. बस्स.

सुरुवात ब्लॅक अँड व्हाईट आहे, प्रिंट खराब म्हणून बंद करू नका प्लीज! त्यातच मधे धबधबा एकदम रंगात येतो, तेव्हा आवाज कमी असेल तर वाढवा. दोघं परत एकत्र राहायला लागले की मग खरा रंग सुरू होतो, ख्रिस्तोफर डॉयलचा कॅमेरा त्या छोट्याशा खोलीतून जे काढतो ना, ते मला आजवर दुसरीकडे दिसलं नाही. टेबलावरच्या, धबधब्याचं चित्र असलेल्या दिव्यावर लक्ष ठेवा.

आणि हातांवर पण. पो-विंगचे हात जखमी, बँडेज बांधलेले, लाय त्याला भरवतो. एकदा लायलाच ताप भरलेला असतो तरी पो-विंगला भूक लागते, आणि हा माणूस अंगावर ब्लँकेट घेऊन स्वयंपाकाला उभा राहतो. लाय झालेला टोनी लेउंग तिथं काहीच करत नाही आणि आपल्या पोटात कालवतं.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा पासपोर्ट बघा. पिक्चर पासपोर्टपासूनच सुरू होतो आणि पुढे लाय पो-विंगचा पासपोर्ट लपवतो, त्यानं जाऊ नये म्हणून. वाँग कार-वायला याच पिक्चरसाठी कान्स फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट डायरेक्टर मिळालं ते मे १९९७ मध्ये, आणि १ जुलैला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं. हे माहीत असलं की उलटं लटकलेलं हाँगकाँग दिसतं तो शॉट वेगळाच लागतो, कारण लाय पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून घराचा विचार करत असतो.

शेवटाकडे चँग नावाचा पोरगा लायच्या हातात टेपरेकॉर्डर देतो. तिथं पॉज करू नका, पाणी प्यायला उठू नका. त्यात काय रेकॉर्ड होतं ते मी सांगणार नाही.