जुनी गाडी स्टार्ट होत नाही? आधी आवाज ऐका

चावी फिरवली की आवाज कसा येतो ते ऐका भाऊ, लगेच मेकॅनिकला फोन नको. नुसतं टक्-टक्-टक् आणि डॅशबोर्डचे लाइट मंद, म्हणजे बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ती टोकं) खराब. आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात बॅटरीतलं पाणी भराभर उडतं, म्हणून झाकणं उघडून बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर टाका, नळाचं अजिबात नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर निगेटिव्ह वायर आधी काढायची, मग गरम पाणी टाकून ब्रशनं घासायचं. लाइट झकास पण एकच खट् आवाज, मग बहुतेक स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) किंवा अर्थिंगची वायर.

इंजिन फिरतंय पण पकडत नाही? स्पार्क प्लग काढून बघा, ओला असला तर पेट्रोल येतंय, प्लगच्या करंटकडे बघा, कोरडा असला तर पेट्रोलचा फिल्टर नाहीतर पंप. आणि कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० भर दुपारी धुळ्याहून येऊन चहाला थांबल्यावरच रुसत असेल तर पाइपातल्या पेट्रोलची वाफ होतेय, बोनेट उघडा, अर्धा तास सावलीत ठेवा, तोवर अजून एक चहा.