माजघरात उजेड किती हवा? एलईडी दिवे निवडण्याची रीत

आमच्या गुहागरच्या घराचं माजघर भर दुपारीही अंधारं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, चुलीच्या धुराने काळवंडलेले वासे. सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या की सूप घेऊन हळूहळू दाराकडे सरकायच्या. ह्यांनी 12 वॅटचा एलईडी आणून आढ्याखाली लावला, तरी त्या सरकायच्याच. दिवा मोठा होता, पण उजेड सुपापर्यंत पोचत नव्हता. तेव्हापासून मी दिव्याच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला लागले. त्यातून जमलेली ही रीत.

1. आधी लुमेन बघा, मग वॅट

वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेन सांगतं. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब साधारण 700 लुमेन द्यायचा. आजचा 9 वॅटचा एलईडी साधारण 800 ते 900 देतो. पण दुकानात 9 वॅटचे दोन दिवे शेजारी ठेवलेत तर एकावर 720 आणि दुसऱ्यावर 950 लुमेनही दिसतील. बिल तेवढंच, उजेडात फरक. म्हणून लुमेनला वॅटने भागायचं. 100 किंवा त्याहून जास्त आलं तर दिवा चांगला.

त्याच खोक्यावर ऊर्जा कार्यक्षमतेचे तारे आणि भारतीय मानक संस्थेचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. लुमेनचा आकडाच छापलेला नसेल तर तो दिवा स्वस्त असला तरी घेऊ नका.

2. खोलीचा हिशोब

एका चौरस मीटरवर पडलेले लुमेन म्हणजे लक्स. बसाउठायच्या खोलीला 150 लक्स पुरतात. वाचायला, भाजी चिरायला त्या जागेपुरते 300 हवेत. 10 बाय 12 फुटांची खोली म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर. 150 गुणिले 11, म्हणजे 1650 लुमेन. 9 वॅटचे दोन दिवे झाले.

हा हिशोब चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतींचा. उघडा जांभा आणि काळे वासे उजेड गिळतात, तिथे मी दीडपट धरते. घरात वयस्क माणसं असतील तर आणखी थोडा वाढवा. साठी उलटलेल्या डोळ्यांना तरुणांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, आणि म्हातारी माणसं ते सहसा बोलून दाखवत नाहीत.

3. दिवा खाली आणा

कौलारू घरात ही पायरी सगळ्यांत मोलाची, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. अंतर निम्मं केलं की थेट पडणारा उजेड चौपट होतो. सुपापासून 12 फुटांवर टांगलेला दिवा 6 फुटांवर आणला की झालं. आम्ही वायर लांबवून घेतली, डोळ्यांत खुपू नये म्हणून शेड घातली आणि 12 ऐवजी 9 वॅटचाच दिवा लावला. सासूबाई आता खोलीच्या मधोमध बसतात.

ओट्याचं गणित वेगळं. दिवा पाठीमागे असेल तर आपलीच सावली विळीवर पडते. फळीखाली छोटी पट्टी लावा.

4. रात्री तपासून बघा

मोबाइलवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप नेमका आकडा देत नाही, पण एकाच फोनने, एकाच जागी दोन दिवे ताडून बघायला उपयोगी पडतं. त्याहून सोपं म्हणजे ज्या जागी काम करणार तिथे बसून पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचा. मग फोनचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय. अशा दिव्याखाली अभ्यासाला बसलेल्या मुलांचं डोकं दुखू शकतं.

5. रंग

उजेडाचा रंग खोक्यावर केल्विनमध्ये लिहितात. 2700 ते 3000 केल्विन पिवळसर, 4000 मधला, 6500 निळसर पांढरा. पांढरा दिवा जास्त प्रखर वाटतो, पण लुमेन तेवढेच असू शकतात. झोपायच्या खोलीत पिवळसर बरा. ओट्यावर मात्र रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय 90च्या आसपासचा दिवा शोधा. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली बांगड्याचे कल्ले ताजे की शिळे तेच कळत नाही.

पडवीत आणि अंगणात पिवळसरच लावा. पावसाळ्यात किडे कमी येतात. समुद्राकाठी घर असेल तर हे अगदी मनापासून सांगते. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. बाहेर पडलेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. आपला पांढरा दिवा त्यांना उलट गावाकडे ओढतो. निदान नोव्हेंबर ते मे तरी किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद ठेवा, नाहीतर झाकून जमिनीकडे वळवा.

6. खारा वारा आणि वीज

एलईडीला उष्णता सोसत नाही. चारी बाजूंनी बंद काचेच्या हंडीत साधा दिवा लवकर जातो. बाहेर आयपी 65 लिहिलेला, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारा घ्या. खाऱ्या हवेने होल्डरच्या पितळी पिना हिरव्या पडतात, दिवा फडफडतो आणि आपण दिव्यालाच दोष देतो. मेन स्विच बंद करून पिना पुसून बघा. वळवाच्या गडगडाटात मेन स्विच बंदच बरा. आणि दिवा बसवताना त्याच्या बुडाला पेनने तारीख लिहा, बिल खोक्यात घालून फडताळात ठेवा. वॉरंटीत गेला तर दुकानदार तेच मागतो.